कुंपणापलीकडचा कवी : जॉन क्लेअर

इंग्लंडच्या ग्रामीण निसर्गाविषयी आजवर अनेकांनी लिहिले. त्यांत वर्डस्वर्थसारखे विद्यापीठात शिकलेले कवी होते, गिल्बर्ट व्हाइटसारखे धर्मोपदेशक होते आणि शिकारीच्या निमित्ताने रानवाटा तुडवणारे जमीनदारही होते. परंतु त्याच शेतांत रोजंदारीने राबून, त्याच बांधांवर भाकरी खाऊन त्या निसर्गाविषयी लिहिणारे लेखक फारच थोडे. जॉन क्लेअर हा अशा थोड्यांपैकी एक, आणि त्यांतला सर्वश्रेष्ठ. इंग्लंडमधील एका लहानशा परिसरावर त्याने जे प्रेम केले, तसे क्वचितच कोणी केले असेल. त्या परिसरात त्याच्या मालकीची मात्र वीतभरही जमीन नव्हती. जमीन ज्याची, तिचा आनंदही त्याचाच काय, हा प्रश्न क्लेअरच्या आयुष्याने उभा केला आणि त्या प्रश्नाची किंमतही त्याच्या आयुष्यानेच चुकवली.

पीटरबरो आणि स्टॅमफर्ड या दोन गावांच्या दरम्यान हेल्पस्टन नावाचे खेडे आहे. त्या काळी ते नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात होते. आज ते केंब्रिजशायरमध्ये मोडते. गावाच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला चुनखडीची उंचवट्याची जमीन, तिच्यावर जुनी वने आणि झुडपांचे माळ. पूर्वेला ‘फेन’ म्हणून ओळखली जाणारी सपाट, पाणथळ भूमी. दोन भिन्न प्रकृतींच्या भूमींच्या सीमेवर वसल्यामुळे या परिसरात पक्षी, फुलझाडे आणि कीटक यांची विविधता मोठी होती.

या हेल्पस्टनमध्ये १३ जुलै १७९३ रोजी जॉन क्लेअरचा जन्म झाला. जन्मलेल्या जुळ्यांपैकी तो एक. त्याची बहीण काही आठवड्यांतच दगावली. वडील पार्कर क्लेअर हे मळणीचे काम करणारे शेतमजूर. अक्षरओळख बेताचीच, पण शंभरावर लोकगीते त्यांना मुखोद्गत होती आणि गावच्या बैठकीत ती ते हौसेने गात. आई अ‍ॅन ही मेंढपाळाची मुलगी. तिला स्वतःला वाचता येत नव्हते. तरीही मुलाने चार अक्षरे शिकावीत, ही तिची उत्कट इच्छा होती. गावातील एका बाईंची शाळा आणि नंतर शेजारच्या ग्लिंटन गावच्या चर्चमधील वर्ग, एवढेच काय ते क्लेअरचे शिक्षण. तेही वर्षातून जेमतेम तीन महिने. उरलेले दिवस मोलमजुरीचे. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास तेही संपले. बापाने पोराच्या हाताला पेलेल असे हलके मळणीचे लाकडी झोडपणे करून दिले आणि मुलगा खळ्यावर उभा राहिला.

क्लेअरच्या बालपणीची एक हकीकत त्याच्या स्वभावावर प्रकाश टाकणारी आहे. गावाबाहेरच्या एमन्सेल्स माळावरून पाहिले असता आकाश जमिनीला टेकलेले दिसे. तिथे जगाची कड असणार, अशी या मुलाची खात्री झाली. एका सकाळी तो एकटाच निघाला. पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांतून तो दिवसभर चालत राहिला. ओळखीची फुले, ओळखीचे पक्षी मागे पडले आणि आपण आपल्या माहितीच्या जगाबाहेर आलो, असे त्याला वाटू लागले. सूर्यसुद्धा भलत्याच दिशेला आहे, असा भास झाला. अंधार पडता पडता तो घरी पोहोचला, तेव्हा आईवडील काळजीने व्याकूळ झाले होते आणि निम्मा गाव त्याच्या शोधात होता. ओळखीच्या भूमीपासून दुरावण्याचे हे भय पुढे आयुष्यभर त्याच्या पाठीस लागले.

तेरा वर्षांचा असताना त्याच्या हाती जेम्स टॉमसन या कवीच्या ‘द सीझन्स’ या ऋतुवर्णनपर काव्याची एक फाटकी प्रत आली. ते पुस्तक आपलेसे करावे, असा ध्यास त्याने घेतला. किंमत दीड शिलिंग. वडिलांकडून पैसे मिळवून तो स्टॅमफर्डला चालत गेला, पण तो रविवार निघाला आणि दुकान बंद होते. पुढच्या आठवड्यात घोडे राखण्याचे आपले काम त्याने दुसऱ्या मुलाला पैसे देऊन सोपवले आणि पुन्हा पहाटेच स्टॅमफर्ड गाठले. परतीच्या वाटेवर त्याला धीर धरवेना. रस्त्यात बसून पुस्तक वाचणारा मजूर लोकांच्या नजरेत भरेल, म्हणून बर्ली हाउस या सरदारी वाड्याच्या उपवनाची भिंत चढून तो आत उतरला आणि हिरवळीवर बसून वाचू लागला. घरी पोहोचेपर्यंत त्याच्या मनात स्वतःची कविता आकार घेऊ लागली होती.

त्यानंतर तो चोरून लिहू लागला. शेतात काम करता करता सुचेल ते, बांधाआड बसून, टोपीच्या तळाचा टेबलासारखा उपयोग करून, मिळेल त्या कागदाच्या कपट्यावर उतरवायचे. शाईसुद्धा घरी केलेली. हे कागद तो घराच्या भिंतीतील एका भोकात लपवी. आईला त्यांचे मोल ठाऊक नसल्याने चूल पेटवायला आणि तापलेली किटली धरायला त्यांचा उपयोग झाला. आपल्या कविता कशा उतरल्या आहेत हे अजमावण्यासाठी तो त्या दुसऱ्या कोणाच्या तरी म्हणून आईवडिलांना वाचून दाखवी आणि त्यांना जे समजले नाही ते निमूटपणे बदली.

त्या काळचे हेल्पस्टन कसे होते, हे लक्षात घेतल्याशिवाय क्लेअरचे दुःख कळणार नाही. गावाभोवती तीन-चार विस्तीर्ण शेते होती. त्यांना आतून कुंपणे नव्हती. निरनिराळ्या लोकांच्या अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी असत. त्यांपलीकडे गायरान, माळ आणि सरपणाची राने. भूमिहीन मजुरालाही गायरानात एखादी गाय चारता येई, माळावरून जळण आणता येई, कापणीनंतर शेतातला सरवा वेचता येई. गुराख्यांना, मेंढपाळांना, पोरासोरांना आणि दूरवरून येणाऱ्या जिप्सींच्या तांड्यांना सगळ्या वाटा मोकळ्या होत्या. या जिप्सींशी क्लेअरची चांगली मैत्री होती. त्यांच्याकडून तो फिडल वाजवायला शिकला आणि दोनशेंहून अधिक चाली त्याने लिहून ठेवल्या. रविवारी गाव चर्चमध्ये असताना तो रॉइस वनात, लोलमच्या पुलांपाशी किंवा स्वॉर्डी वेल या रोमन काळापासूनच्या दगडखाणीत फिरत असे. गवतात पालथे पडून मुंग्यांची ये-जा पाहणे, पक्ष्याचे घरटे हुडकून अंड्यांचा रंग मनात साठवणे, पाऊस आला की पोकळ झाडाच्या ढोलीत बसणे, हेच त्याचे सुख होते.

१८०९ साली हेल्पस्टन आणि शेजारच्या गावांसाठी कुंपणबंदीचा कायदा पार्लमेंटने संमत केला. असे कायदे त्या काळी गावोगाव होत होते. १६०४ ते १९१४ या काळात ५,२०० हून अधिक कायद्यांनी सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या क्षेत्रफळाचा जवळजवळ पाचवा हिस्सा, अशा रीतीने बंदिस्त झाला. सामाईक जमिनीची मोजणी करून ती मालकांत वाटली जाई आणि प्रत्येक वाट्याभोवती कुंपण उभे राही. शेतीचे उत्पन्न वाढावे हा उद्देश होता आणि काही अंशी तो साधलाही. परंतु ज्याच्या नावे जमीन नव्हती त्याचे गायरान गेले, जळण गेले आणि पायवाटाही गेल्या. हेल्पस्टनमध्ये ही प्रक्रिया १८२० पर्यंत चालली. जुनी झाडे तुटली, ओढे सरळ केले गेले, माळ नांगरला गेला आणि खुणेच्या जागांवर प्रवेशबंदीच्या पाट्या लागल्या. यातील कठोर योगायोग असा, की पोटासाठी क्लेअरलाच ही कुंपणे घालण्याचे आणि काटेरी रोपे लावण्याचे काम करावे लागले. आपल्या बालपणाचा मुलूख त्याने स्वतःच्या हातांनी बंदिस्त केला. पुढे स्वॉर्डी वेलवर त्याने जी कविता लिहिली, तिच्यात ती जमीनच आपली कैफियत मांडते.

बर्ली हाउसच्या बागेत उमेदवारी, काही काळ राखीव सैन्यात भरती, मग चुनाभट्टीवर मजुरी, अशी त्याची तरुणपणीची वर्षे गेली. ग्लिंटनच्या शाळेत भेटलेली मेरी जॉइस ही त्याची पहिली प्रीती; पण ती सुखवस्तू शेतकऱ्याची मुलगी आणि हा मजूर, त्यामुळे ते प्रेम मनातच राहिले. चुनाभट्टीवर काम करत असताना पिकवर्थ भागात त्याची मार्था टर्नर हिच्याशी ओळख झाली. सर्वजण तिला पॅटी म्हणत. १६ मार्च १८२० रोजी त्यांचा विवाह झाला.

त्याच वर्षीच्या जानेवारीत त्याचे पहिले पुस्तक निघाले होते. स्टॅमफर्डचा पुस्तकविक्रेता एडवर्ड ड्रुरी याच्यामार्फत त्याचे हस्तलिखित लंडनच्या जॉन टेलर या प्रकाशकाकडे गेले. कीट्सचाही प्रकाशक हाच. ‘पोएम्स डिस्क्रिप्टिव्ह ऑफ रूरल लाइफ अँड सीनरी’ या संग्रहाच्या वर्षभरात चार आवृत्त्या निघाल्या. एका शेतमजुराने कविता लिहाव्यात याचे लंडनला अप्रूप वाटले. क्लेअर चार वेळा लंडनला जाऊन आला. चार्ल्स लँब, हॅझलिट अशांच्या मेळाव्यांत त्याची ऊठबस झाली. ज्या बर्ली उपवनाची भिंत त्याने पुस्तक वाचण्यासाठी ओलांडली होती, तिथल्या मालकाने, मार्क्वेस ऑफ एक्सेटरने, त्याला सालीना १५ गिनींचा तनखा बांधून दिला. इतर आश्रयदात्यांची मदत धरून त्याला वर्षाला सुमारे ४५ पौंड मिळू लागले.

मात्र या कीर्तीत सुख थोडे होते. वृद्ध आईवडील, पत्नी आणि वाढता मुलांचा संसार यांना ती रक्कम पुरी पडत नसे. शेतमजूर कवीला पाहायला हौशी मंडळी बग्ग्यांतून येत आणि भर हंगामात त्याला शेतातून बोलावून घेत. त्या दिवसाची मजुरी बुडे. लॉर्ड रॅडस्टॉक या आश्रयदात्याला श्रीमंतांवर टीका करणाऱ्या ओळी खटकल्या आणि त्या पुढील आवृत्त्यांतून गाळण्याचा आग्रह त्याने धरला. क्लेअर विरामचिन्हे वापरत नसे, हेल्पस्टनच्या बोलीतले शब्द मोकळेपणी योजत असे. प्रकाशक ते सारे शहरी वाचकासाठी सुधारून घेई. १८२१ चा ‘द व्हिलेज मिन्स्ट्रेल’, १८२७ चा ‘द शेफर्ड्स कॅलेंडर’ आणि १८३५ चा ‘द रूरल म्यूज’ हे संग्रह उत्तरोत्तर सरस होत गेले, विक्री मात्र घटत गेली. शेतमजूर कवीची नवलाई ओसरली होती.

याच काळात, १८२४-२५ च्या सुमारास, गिल्बर्ट व्हाइटच्या सेलबर्नविषयक ग्रंथाच्या धर्तीवर हेल्पस्टनचा निसर्गेतिहास पत्ररूपाने लिहिण्याचे त्याने मनावर घेतले. तो ग्रंथ पूर्ण झाला नाही. परंतु जी टिपणे उरली त्यांवरून त्याच्या निरीक्षणाची जात कळते. त्याच्या गद्यपद्यात शंभराहून अधिक जातींच्या पक्ष्यांचे उल्लेख आहेत आणि त्यांतील अनेक नोंदी त्या परगण्यातील पहिल्या नोंदी म्हणून पक्षिशास्त्रज्ञांनी स्वीकारल्या आहेत. मिल्टन हॉल येथील सरदारी वाड्यावर नोकरीस असलेले आर्टिस आणि हेंडरसन हे दोघे त्याचे मित्र. एक पुराणवस्तूंचा जाणकार, दुसरा वनस्पतींचा. त्यांच्या संगतीत त्याने पुष्कळ रानवाटा तुडवल्या.

त्याची पद्धत साधी होती. पक्षी मारून, पेंढा भरून अभ्यासण्याची तेव्हाची रीत त्याला रुचत नसे. तो नुसता बसून राही. नाइटिंगेल रात्रीच गातो आणि दुःखाने गातो, असे कवी जुन्या पुराणकथेच्या आधारे सांगत आले होते. क्लेअरने रॉइस वनात त्याला भर दिवसा गाताना ऐकले, गाताना त्याचे पंख कसे थरथरतात ते पाहिले आणि त्याच्या गाण्यातील ध्वनी अक्षरांत टिपून ठेवले. ओकच्या वाळक्या पानांचे त्याचे घरटे आणि आतील ऑलिव्हच्या रंगाची अंडी यांचे त्याने केलेले वर्णन आजही अचूक ठरते. त्या कवितेत तो वाचकाला हलक्या पावलांनी घरट्यापर्यंत नेतो, पाखरू घाबरले असे दिसताच मागे फिरतो आणि घरटे होते तसे राहू देतो. पाणलाव्याविषयी, रानवाटेच्या कडेला गवतात दडलेल्या चिफचॅफच्या घुमटासारख्या घरट्याविषयी, चंडोलाविषयी त्याने असेच लिहिले. घरटे हे ज्याचे त्याचे घर आणि ते सुरक्षित राहावे, ही तळमळ या साऱ्या कवितांतून जाणवते.

त्याचे स्वतःचे घर मात्र १८३२ मध्ये सुटले. अर्ल फिट्झविल्यम या जमीनदाराने त्याला नॉर्थबरो गावी मोठे घर आणि बाग राहण्यास दिली. हेल्पस्टनपासून हे अंतर अवघे तीन मैल. देणाऱ्याचा हेतू भला होता, घरही अधिक सोयीचे होते. पण क्लेअरच्या लेखी ते परदेशगमन ठरले. फेनच्या कडेची ती सपाट भूमी त्याला परकी वाटे. ज्या माणसाची प्रत्येक आठवण एखाद्या झाडाला किंवा दगडाला बिलगलेली होती, त्याला तीन मैलही फार होते. त्याच्या मनाचा तोल आधीच ढळू लागला होता. पैशाची विवंचना, अपयश, पूर्वीपासूनची प्रकृतीची तक्रार अशी अनेक कारणे त्यामागे होती. या स्थलांतराने त्यांत भर पडली.

जून १८३७ मध्ये लंडनजवळच्या एपिंग अरण्यातील हाय बीच येथे डॉ. मॅथ्यू अ‍ॅलन यांच्या मनोरुग्णालयात त्याला ठेवण्यात आले. अ‍ॅलन दयाळू होते. रुग्णांना अरण्यात फिरण्याची मुभा असे. मात्र क्लेअरचे मन घराकडे ओढत होते. मेरी जॉइस ही आपली पहिली पत्नी असून ती आपली वाट पाहत आहे, असा भ्रम त्याला जडला होता. प्रत्यक्षात मेरी १८३८ मध्ये, अविवाहितच, निवर्तली होती. जुलै १८४१ मध्ये अरण्यात भेटलेल्या एका जिप्सीने त्याला पळून जाण्यास मदत करण्याचे कबूल केले. परंतु क्लेअर गेला तेव्हा तांडा हललेला होता. मागे एक जुनी टोपी तेवढी पडली होती. ती खिशात घालून तो एकटाच उत्तरेकडे निघाला.

ऐंशी मैलांची ही वाट त्याने सुमारे चार दिवसांत पायी तोडली. खिशात पैसा नव्हता. पहिल्या रात्री एका गोठ्यात गवताच्या भाऱ्यांवर तो निजला, तो डोके उत्तरेकडे करून, म्हणजे सकाळी उठल्यावर दिशा चुकायला नको. बुटांत खडे शिरून पाय सोलवटले. भूक असह्य झाली तेव्हा त्याने रस्त्याकडेचे गवत खाल्ले. पीटरबरोजवळ गावाकडच्या ओळखीच्या माणसांनी गाडीतून त्याच्याकडे पाच पेन्स टाकले, त्यावर भाकरी आणि चीज मिळाले. पुढे एक गाडी समोरून आली, तिच्यातील स्त्री उडी टाकून खाली उतरली आणि गाडीत चल म्हणून त्याला विनवू लागली. ती पॅटी होती. क्लेअरने तिला ओळखले नाही. घरी आल्यावर मेरी नाही, हे सत्य त्याने मानलेच नाही. या प्रवासाचा वृत्तांत त्याने लगोलग लिहून काढला. इंग्रजी गद्यातील ती अत्यंत हृदयस्पर्शी पाने होत.

पाच महिने तो घरी राहिला. २९ डिसेंबर १८४१ रोजी त्याला नॉर्थॅम्प्टनच्या मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. आजारापूर्वी अनेक वर्षे कविता लिहिण्याचे व्यसन, अशी नोंद दाखल्यावर झाली. उरलेली बावीस वर्षे त्याने तिथेच काढली. प्रथम त्याला शहरात जाण्याची मोकळीक होती आणि ऑल सेंट्स चर्चच्या दर्शनी कमानीत तो तासन् तास बसलेला दिसे. नाइट नावाच्या तेथील कारभाऱ्याने त्याच्या शेकडो कविता नकलून घेतल्या. ‘आय अ‍ॅम’ ही त्याची सर्वपरिचित कविता याच काळातली. २० मे १८६४ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी त्याचे निधन झाले. देह हेल्पस्टनला आणून तेथील चर्चच्या आवारात पुरण्यात आला. तेवीस वर्षांपूर्वी ज्या घराच्या ओढीने तो ऐंशी मैल चालला, तिथे तो असा पोहोचला.

क्लेअरच्या मृत्यूनंतर एकाच वर्षाने, १८६५ मध्ये, उरलीसुरली सामाईक माळराने वाचवण्यासाठी लंडनमध्ये एक संस्था स्थापन झाली. तिच्यासारख्यांच्या लढ्यामुळे १८७८ च्या कायद्याने एपिंग अरण्य कुंपणबंदीतून कायमचे मुक्त झाले. १८८२ मध्ये राणी व्हिक्टोरियाने ते जनतेला अर्पण केले, तो समारंभ हाय बीच येथेच झाला. १९४९ च्या कायद्याने पायवाटांचे अधिकृत नकाशे करणे बंधनकारक झाले आणि २००० च्या कायद्याने माळराने व नोंदलेली सामाईक भूमी पायी फिरणाऱ्यांना खुली झाली. आज इंग्लंडच्या शेतांतून जाणाऱ्या पायवाटेवर कोणीही निर्धास्तपणे चालतो. क्लेअरने ज्या हक्कासाठी शोक केला, त्यातील काही भाग असा परत मिळाला आहे.

त्याची कविताही हळूहळू परत मिळाली. आयुष्यभरात त्याने सुमारे साडेतीन हजार कविता लिहिल्या. त्याच्या हयातीत त्यांतल्या थोड्याच छापल्या गेल्या. १९२० मध्ये एडमंड ब्लंडन आणि अ‍ॅलन पोर्टर यांनी, १९६४ मध्ये एरिक रॉबिन्सन आणि जेफ्री समरफील्ड यांनी त्याचे साहित्य पुन्हा उजेडात आणले. १९८४ ते २००३ या काळात ऑक्सफर्डने त्याच्या कवितांचे नऊ खंड त्याच्याच बोलीत, त्याच्याच विरामचिन्हविरहित रूपात प्रसिद्ध केले. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीच्या कविकक्षात १९८९ मध्ये त्याचे स्मारक झाले. विसाव्या शतकात कचरा टाकण्याची जागा बनलेले स्वॉर्डी वेल आता राखीव निसर्गक्षेत्र आहे. आणि दीड शिलिंगाच्या एका पुस्तकापासून सुरुवात करून या मजुराने जमवलेला चारशेंहून अधिक ग्रंथांचा संग्रह नॉर्थॅम्प्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने जपला.

हिरवळीचा एक तुकडा कापून त्यात रानफुले खोचायची आणि उन्हाळ्यात तो घरात मांडायचा, अशी हेल्पस्टनच्या गरीब झोपड्यांतली जुनी प्रथा क्लेअरने नोंदवून ठेवली होती. आपल्या एका मोठ्या हस्तलिखित संग्रहाला त्याने या पुष्पगादीचेच नाव दिले होते. १९८१ मध्ये त्याच्या नावाची संस्था निघाली, आणि पुढे दर जुलैत त्याच्या वाढदिवसाच्या सुमारास गावच्या शाळेतील मुले अशा फुलांच्या गाद्या करून त्याच्या थडग्याभोवती ठेवू लागली.